आनंदासाठी सव्वीस भाग

१२ जानेवारी २००९, सोमवार

रोडपाली, तिसरा मजला. डीव्हीडी प्लेअर. तक्रार: ट्रे बाहेर येत नाही. निदान: आतला रबरी पट्टा सैल. उपाय: नवीन पट्टा, लेन्स साफ. वेळ चाळीस मिनिटं.

नोंद इथे संपायला हवी होती. ही डायरी कामाची आहे. एकोणीसशे ब्याऐंशीपासून दरसाल एक, सत्तावीस झाल्या, ही अठ्ठाविसावी. घरच्या भानगडी मी तिच्यात आणत नाही. पण आजची गोष्ट दुसरीकडे कुठे लिहू?

घर आनंदाचं. म्हणजे त्याच्या लेकीचं, कोमलचं. आनंदा उरणचा, चाळीस वर्षं समुद्रावर, त्यातली तीस तांडेल म्हणून. होडीवर त्याचा शब्द शेवटचा. दिवाळीनंतर त्याला झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका सकाळी गेली. दवाखाना जवळ पडावा म्हणून कोमलने त्याला आणि भामावहिनींना रोडपालीला आणलं. पाय थोडा सुधारलाय, वाचा नाही. समजतं त्याला सगळं. डॉक्टर म्हणाले, पहिले सहा महिने महत्त्वाचे, जितका बोलायचा प्रयत्न करील तितकं येईल. प्रयत्नच केला नाही तर गेलेलं गेलं. बोलणं शिकवायला एक बाई यायच्या. आंब्याचं चित्र धरून "आजोबा, हे काय?" असं विचारायच्या. आनंदाने डाव्या हाताने सगळी चित्रं खिडकीतून खाली टाकली. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. दोन महिने झाले.

तर पट्टा बसवल्यावर चालवून बघायला हाताशी होती ती डिस्क घातली. कोमलची, जपानी कार्टून. पहाटेचं बंदर, होड्या, आणि एक मुलगी वायरलेस सेटसमोर बसलेली. मी मागचे स्क्रू बसवत होतो. खाट करकरली. बघतो तर आनंदा वळलेला.

भामावहिनी लसूण सोलत होत्या, त्या तशाच थांबल्या. मीही स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला नाही. अकरा मिनिटं बघत होता, घड्याळावर मोजली. मग लाइट गेली आणि तो परत भिंतीकडे वळला.

१३ जानेवारी, मंगळवार

कोमलचा सकाळी दुकानावर फोन. आईने सांगितलं म्हणे. तिच्याकडे ऑफिसातल्या मैत्रिणीने दिलेल्या अशा डिस्कचा खोका भरून आहे.

"काका, त्याला कार्टून नाही म्हणत, ॲनिमे म्हणतात."

"कशाने काढलंय? हाताने की कॉम्प्युटरवर?"

"दोन्ही. तुम्ही बघाल का बाबांबरोबर? खाली इंग्रजी येतं, ते आईबाबांना वाचता येत नाही. मी घरी येते तेव्हा आठ वाजतात, बाबा झोपलेले असतात."

मी दहावी नापास आहे, हे पनवेलमध्ये बऱ्याच जणांना माहीत आहे. पण रेडिओची पुस्तकं इंग्रजीत असायची म्हणून मी शब्दकोश घेऊन एकट्याने इंग्रजी शिकलो, हे थोड्यांनाच माहीत. हो म्हणालो. दुपारी दोन ते पाच दुकान तसंही थंड असतं.

१७ जानेवारी, शनिवार

मालिका सव्वीस भागांची. डिस्कवर मार्करने इंग्रजीत लिहिलेल्या नावाचं मी 'बंदराची हाक' असं केलं आहे. एका जपानी बंदरावर एक मुलगी रोज पहाटे वायरलेसवरून हवामान सांगते आणि अकरा होड्यांना नावाने हाक मारते. एकेक होडी उत्तर देते. भाग जवळजवळ एवढाच. बाकी गावातले लोक, जेवण, भांडणं. मुलीचं जपानी नाव भामावहिनींच्या तोंडात बसेना, त्यांनी तिचं नाव शांती ठेवून टाकलं.

पद्धत अशी: मी खालची ओळ वाचतो, मनात मराठी करतो, मोठ्याने बोलतो. शब्द अडला तर डिस्क थांबवून शब्दकोश.

"भावजी," भामावहिनी म्हणाल्या, "तुमी असं थांबत राह्यलाव तर शांतीचं लग्नाचं वय निघून जाईल."

"वहिनी, चुकीचं सांगण्यापेक्षा उशिरा सांगितलेलं बरं."

आनंदाच्या घशातून काहीतरी निघालं. हसला असावा. नक्की सांगता येत नाही, म्हणून नोंद करत नाही.

डिस्क परत ठेवताना कव्हरात कोमलसाठी चिठ्ठी ठेवली: "भाग १ व २. चित्रं उत्तम. पाणी खरं. होडी लाटेवर चढताना नाक आधी उचलते, ते बरोबर दाखवलंय. चूक एक: अँटेनाची केबल सेटच्या पुढून निघालेली आहे; ती मागून निघते. दहापैकी सहा."

२० जानेवारी, मंगळवार

कव्हरात कोमलची चिठ्ठी: "काका, केबल जाऊ दे. बाबा किती वेळा भिंतीकडे वळले ते लिहा." लिहिलं: "एकदाही नाही."

२२ जानेवारी, गुरुवार

भाग ५ आणि ६. सहाव्यात वादळ. सगळ्या होड्या परत येतात, एक उशिरा येते.

आनंदाची आणि माझी ओळख सत्त्याऐंशीची. मच्छीमार सोसायटीच्या होड्यांवर वायरलेस बसवायचं काम मला मिळालं, त्याच्या होडीवर पहिला सेट. सेट कुठे लावायचा यावरून पहिल्याच दिवशी भांडलो. नंतर बावीस वर्षं भांडलो: क्रिकेट, नाटकं, जिताडा चांगला की पापलेट, मे महिन्यात वारा कुठून फिरतो. त्याला रेडिओतलं काही कळत नसे आणि तरी तो मत देई. मला त्या वादांची काही गरज नव्हती. दुकानात कामं भरपूर असतात.

त्याचा धाकटा भाऊ गणू. त्याची होडी त्र्याण्णवच्या ऑक्टोबरात लांबली. त्यांच्या घरात असंच म्हणतात. होडी परत आली नाही तरी 'लांबली' म्हणायचं, दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. पंधरा वर्षं झाली, अजून लांबलेलीच आहे. तिच्यावरचा सेट मी बसवलेला. सेट नीट होता. आठ दिवसांपूर्वी तपासलेला, बॅटरी बारा पॉइंट सहा व्होल्ट, त्या सालच्या डायरीत नोंद आहे. त्या दिवशी किनाऱ्यावर सोसायटीच्या ऑफिसातल्या सेटवर मीच बसलो होतो. दुपारी तीनपासून दिवेलागणीपर्यंत हाका मारल्या, वारा फिरलाय, परत फिर. उत्तर आलं नाही. सेट नीट होता.

आनंदा माझ्याशी जगातल्या प्रत्येक गोष्टीवर भांडला. त्या दिवसावर त्याने कधी एक शब्द काढला नाही.

आजच्या भागाशी याचा संबंध नाही. सेटचा विषय निघाला म्हणून लिहिलं.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी म्हणून कोमल घरी. तिने भाग ८ सांगायला घेतला. भराभरा सांगते, शब्दकोश नाही, काही नाही. पाचव्या मिनिटाला आनंदाने डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं.

"बाबा, मी चुकीचं सांगतेय का?"

त्याने मान हलवली, नाही. पुन्हा माझ्याकडे बोट.

"बघ," मी म्हणालो, "उच्चार स्पष्ट हवेत."

"तसं नाही काका. तुम्ही मध्येमध्ये ते होडीवाले कसे चुकले ते सांगता ना, ते ऐकायचंय त्यांना."

भामावहिनी म्हणाल्या, "गप गं. भावजींना मान दे. त्यांना आवडतं."

पुढे मी सांगितला. नवव्या भागात जाळं उलट्या बाजूने ओढलंय असं मी म्हणालो, तेव्हा आनंदाने डोळे मिटून मान जोरात हलवली. म्हणजे माझं चूक. अर्थात त्याला कारण सांगता येत नाही, त्यामुळे मुद्दा माझ्याकडेच राहिला. पण मजा आली नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

काल निघताना कोमलला कडक चिठ्ठी लिहून ठेवली होती. "भाग १३: दिग्दर्शकाचा हलगर्जीपणा. मागच्या भागात पाय मोडलेला माणूस या भागात धावतो. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी पुन्हा शिकवतात. इतक्या मेहनतीने चित्रं काढणाऱ्यांनी असं करावं? तीन गुण वजा."

आज दुपारी तिचा फोन. हसू आवरत नव्हतं.

"काका, तुम्ही डिस्क चार आधी पाहिली आणि तीन नंतर!"

"शक्य नाही. मी क्रमांक बघून लावल्या."

"मी मोठ्या अक्षरात मार्करने लिहिलेत."

मार्करने कुणीही काहीही लिहितं. मी डिस्कच्या आतल्या कड्यावरचा बारीक छापील क्रमांक भिंगाने बघून लावल्या होत्या. तो कारखान्याचा क्रमांक, त्याचा भागांशी संबंध नसतो, हे आता कळलं. तीन गुण परत दिले. मात्र गुरुजी उलट्या क्रमानेही कंटाळवाणेच आहेत, ते मत कायम.

आश्चर्य एवढंच की आनंदा गेले चार दिवस मला बोटांनी चार, तीन, चार, तीन करून दाखवत होता. मला वाटलं वेळ विचारतोय.

९ फेब्रुवारी, सोमवार

भाग १७. शांतीला सेट शिकवणारा म्हातारा मरतो. शांतपणे, जाळं विणताना. मी त्याला त्याच्या मुलाकडे गावाला पाठवून दिला.

म्हणजे मी तसं सांगितलं. माणूस आजारी आहे, खाटेवर पडलेला, त्याच्यासमोर मरणबिरण कशाला. ओळ मी नीट वाचली होती, भाषांतरही मनात बरोबर झालं होतं, याची नोंद असावी. फक्त बोललो वेगळं.

पुढे सगळं गाव काळे कपडे घालून जमलं. भामावहिनींनी विचारलं, "ये काय?"

"पूजा."

"पूजेला रडतात व्हय ही लोकं?"

"जपानी लोक भाविक असतात, वहिनी."

आनंदा माझ्याकडे बघत होता. पडद्याकडे नाही, माझ्याकडे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बदल म्हणून कोमलने एक सिनेमा पाठवला, डोंगरावर बेकरी चालवणाऱ्या बहिणींचा. तिच्या चिठ्ठीत: "काका, हा माझा सगळ्यात आवडता. प्लीज आठाच्या खाली जाऊ नका." पाव इतका सुंदर काढलाय की भामावहिनींनी घरातला पाव आणून पडद्याशेजारी धरून बघितला. पण आनंदा झोपला. मी लिहिलं: "पाव नऊ, गोष्ट पाच, सरासरी सात. क्षमस्व." यंत्रमानवांची एक मालिकाही तिने सुचवली होती, ती मी अर्ध्या भागात बंद केली, यंत्राच्या पोटातल्या वायरी कुठेच जोडलेल्या नव्हत्या.

घरी बायको, वेणू, म्हणाली, "पन्नाशी उलटली, आता चष्मा लावून कार्टून बघा." तिला ॲनिमे आणि कार्टून यांतला फरक सांगितला. तिने भाजी परतत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या शांतीच्या भावाचं जमलं का लग्न?" मी तिला शांतीबद्दल कधी सांगितलं आठवत नाही. म्हणे, मी झोपेत तिच्या होड्यांची नावं घेतो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

भाग २१. आज नोंद मोठी करावीशी वाटत नाही.

शांती पहाटे अकरा होड्यांना हाक मारते. दहा उत्तर देतात. अकरावी तिच्या भावाची. ती पुन्हा हाक मारते. पुन्हा मारते. बराच वेळ पडद्यावर फक्त सेटचा तो हिरवा दिवा आणि खरखर. खरखर अगदी खरी होती. कुठून रेकॉर्ड केली असेल कुणास ठाऊक.

मग गावातला एक जण येऊन तिला सांगतो. खाली ओळ आली, चार शब्दांची, सोपी. शब्दकोश लागला नाही.

मी म्हणालो, "उशीर होतोय, म्हणतो. लांबली."

आनंदाने डावी मूठ खाटेच्या कडेवर मारली. मग पुन्हा मारली. मला वाटलं त्याला त्रास होतोय, मी डिस्क थांबवली. तो मारतच राहिला. भामावहिनी धावल्या. "पुरे झालं आजचं," म्हणून मी निघालो. जिना उतरेपर्यंत तो आवाज येत होता.

डिस्क प्लेअरमध्येच राहिली. असं माझ्याकडून कधी होत नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कोमल दुकानात आली. इथल्या पनवेलच्या उरण नाक्यावरून चालत, उन्हातून. एका ग्राहकाचा टेपरेकॉर्डर उघडलेला होता, ग्राहक जाईपर्यंत उभी राहिली.

"काका, बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत. परत भिंतीकडे वळलेत."

"मी म्हणालोच, वादळाबिदळाचं दाखवू नये. बेकरीसारखं काहीतरी..."

"एक विचारू? आई रोज जेवताना मला गोष्ट सांगते. तुम्ही सांगितलेली. मला म्हणाली, म्हातारा गावाला गेला. मी म्हटलं आईचं ऐकण्यात चुकलं असेल. परवा म्हणाली, शांतीच्या भावाची होडी लांबली. मी ही मालिका दोनदा पाहिलीय, काका."

मी सोल्डरिंग गनचं बटण बंद केलं.

"आजारी माणसासमोर..."

"बाबांची वाचा गेलीय. डोळे नाही गेले. त्यांना दिसतं ना सगळं. काळे कपडे दिसतात, मुलगी रडते ते दिसतं, आणि शेजारी बसून तुम्ही म्हणता पूजा आहे. तुम्ही! केबल पुढून की मागून यावर चार गुण कापणारे!"

"चार नाही. मी मूळचेच सहा दिले होते."

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम. मग हळू विचारलं, "काका, तुम्ही नक्की कुणाला जपताय?"

प्रश्न मला नीट कळला नाही. अर्थात आनंदाला. तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि पंख्याखाली जरा वेळ बसून गेली.

टेपरेकॉर्डरचं काम दोनदा चुकलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दोन वाजता गेलो. आनंदाची पाठ. मी खुर्ची ओढून त्याच्या पाठीशी बसलो आणि घरून लिहून आणलेला कागद वाचला.

"आनंदा, माझ्या सांगण्यात तीन चुका झाल्या. एक, भाग सतरा, म्हातारा गावाला गेला नाही, तो मेला. दोन, त्याच भागात पूजा नव्हती. तीन, भाग एकवीस, शेवटची ओळ. या चुका अनवधानाने झालेल्या नाहीत. दुरुस्त करायला आलोय."

पाठ हलली नाही. बराच वेळ. मग डावा हात मागे आला आणि खाटेची कड पकडली. मी त्याला वळायला आधार दिला. त्याच्याकडून शिवी आली असती तर ती याच वेळेला आली असती, तोंड तसंच झालं होतं.

भाग २१ पहिल्यापासून लावला. एकेक ओळ नीट सांगितली, काही गाळलं नाही, घातलं नाही. दहा होड्या. अकरावी. खरखर. हिरवा दिवा. शांती हाका मारते, आणि मी तिच्या हाका मराठीत मारत होतो. परत फिर. ऐकू येतंय का? परत फिर.

मग तो माणूस येतो. ओळ आली. मी डिस्क थांबवली.

"होडी..." मी म्हणालो.

शब्द माहीत होता. मी पाणी प्यायलो. भामावहिनी स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभ्या होत्या.

"होडी..." पुन्हा म्हणालो. चष्मा पुसला. समोर आयुष्यात पाहिलेली सगळ्यात सोपी ओळ होती आणि ती मला तोंडातून काढता येत नव्हती.

"बु..."

मला वाटलं सेटची खरखर. पण डिस्क थांबलेली होती.

आनंदाची मान ताठ झाली होती, गळ्याच्या शिरा वर आलेल्या. तोंड एका बाजूला ओढलं जात होतं. "बु... बुर..." आणि मग अख्खा शब्द, जाड, वाकडा, पण त्याच्या उरणच्या बोलीतला, चुकूनही दुसऱ्या कुणाचा नाही: "बुरली."

बुडाली.

भामावहिनी होत्या तिथेच खाली बसल्या. पदर तोंडात धरला. मग पदर काढून म्हणाल्या, "गणू." पंधरा वर्षांत त्या घरात पहिल्यांदा ते नाव आणि तो शब्द शेजारी आले. त्या रडल्या, आनंदाही रडला, आवाज करून, लहान मुलासारखा. मी प्लेअरच्या मागची केबल तपासत होतो. नीट होती.

वेळ चार वाजून वीस मिनिटं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

शब्द आजपर्यंत: बुरली, नाय, पानी, भामा. 'नाय' सगळ्यात स्पष्ट, आणि सगळ्यात जास्त वेळा माझ्यासाठी.

शिकवणाऱ्या बाईंना कोमलने पुन्हा बोलावलं. त्यांनी घाबरत घाबरत पिशवीतून आंब्याचं चित्र बाहेर काढलं. आनंदाने ते हातात घेतलं, लांब धरून पाहिलं, जोर लावला आणि म्हणाला, "हापूस... नाय."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी चित्र पाहिलं. खरंच, तोतापुरी होता.

३ मार्च, मंगळवार

भाग २६, शेवटचा. एकाच मुद्द्यावर लिहितो, कारण वाद झाला.

शांती सेटवर बसणं सोडते. तिला वाटतं तिची हाक पोचली नाही म्हणून भाऊ परत फिरला नाही. मग बंदरावरची एक म्हातारी तिला म्हणते: तुझी हाक त्याला पोचली होती. वारा आडवा आला, त्याला तो काय करणार, तू काय करणार. पण शेवटी त्याच्या कानात घरचा आवाज होता. आणि शांती दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सेटसमोर बसते.

ओळ प्रामाणिकपणे सांगून मी माझं मत दिलं. "भावना ठीक आहे, पण याला आधार नाही. उत्तर आलेलं नाही, म्हणजे समोरचा सेट चालू होता की नव्हता हे कळायला मार्ग नाही. हाक पोचली हे म्हातारीला कुणी सांगितलं?"

"पोचली," आनंदा म्हणाला.

"अरे पण पुरावा काय?"

"पोचली."

"आनंदा, तुला यातलं कळत नाही. किनाऱ्यावरचा सेट पाठवतो, होडीवरचा घेतो. होडीवरच्याने उत्तर दिलं तरच..."

त्याने डावा हात लांब करून माझं मनगट पकडलं. चाळीस वर्षं दोर ओढलेला हात, एकटा उरलाय पण पकड तीच. पडद्याकडे बघत नव्हता. "पर... परभाकर." माझं नाव नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. मग एकेक करून, मध्ये श्वास घेत: "हाक. तुजी. पोचली."

"माझी नाही रे, शांतीची," मी दुरुस्त केलं. त्याचे शब्द अजून मागेपुढे होतात.

"नाय," तो म्हणाला. मनगट सोडलं नाही. भामावहिनींनी केलेला चहा थंड होईपर्यंत नाही.

मला वाद जिंकता आला असता. तांत्रिकदृष्ट्या माझी बाजू भक्कम होती. पण चष्मा पुसायचा होता आणि हात एकच मोकळा होता.

१० मार्च, मंगळवार

शिमगा. कोमलने गाडी केली, आनंदाला घेऊन सगळे उरणला. वेणूही आली. होड्या सजवलेल्या, झेंडे, पताका, तरुण मंडळी नाचतायत. आनंदाला खुर्चीत धक्क्यावर बसवला. त्याने एकेका होडीकडे बोट करून आडनावं घ्यायचा प्रयत्न केला, तीन जमली. एका होडीचा अँटेना वाकडा बसवलेला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. यावर मतभेद नव्हता.

वेणू आणि भामावहिनी शांतीने पुढे लग्न करावं की नाही यावर बोलत होत्या, जणू ती तिथलीच.

गाडीत कोमलने विचारलं, "काका, चिठ्ठी राहिली. 'बंदराची हाक', अंतिम गुण?"

"सात. शेवट निराधार आहे म्हणून एक कापला, केबलचा एक, गुरुजींचा एक."

मागच्या सीटवरून: "धा."

"दहापैकी दहा कशालाच नसतात, आनंदा."

"धा."

"बेकरीला किती, बाबा?" कोमलने विचारलं.

त्याने विचार केला. "पाव... बरा."

पुढची मालिका काय घ्यायची यावर पनवेल येईपर्यंत चर्चा. कोमल म्हणते पर्वतावरच्या टपाल खात्याची एक आहे, बावन्न भागांची. मी म्हणालो आधी एक भाग बघून ठरवू. आनंदा म्हणाला, "बावन," म्हणजे सगळे. उद्या दुपारी दोनला जातो. डिस्क लावताना मार्करचाच क्रमांक बघायचा.

घरी आल्यावर माळ्यावरून त्र्याण्णवची डायरी काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. निळ्या शाईत, माझंच अक्षर: "किनारा सेट. हाका: एकतीस. उत्तर: नाही." खाली रिकामी जागा होती. तिथे आजची तारीख घालून लिहिलं: "पोचली. हे आनंदाचं मत. माझं मत अजून राखून ठेवलं आहे." मग जरा थांबून 'अजून' शब्दाखाली रेघ मारली, पट्टीने.